सकवारबाईंचा ड्रॅगन

“आजी, काहीही बोला. फक्त हात हलवत राहा आणि मध्येच जरा घाबरा,” मंदार म्हणाला आणि कॅमेरा सुरू झाला.

मंदार पुण्याहून चेन्नईत आलेला. नुंगंबाक्कमच्या एका कंपनीत देशोदेशींच्या लोककथांतल्या ड्रॅगनांवर फिल्म करत होता. चीनने ड्रॅगन दिला होता, युरोपने तर अर्धा डझन. भारताने मात्र ऐनवेळी दगा दिला. इथे नाग निघाले, मगरी निघाल्या, आग ओकणारं कोणी निघेना. शेवटी त्याने ऑफिसात बसून एक अस्सल प्राचीन ड्रॅगन स्वतःच लिहून काढला. आता हवा होता फक्त सुरकुतलेला चेहरा. तो अड्यारला सापडला. सकवारबाई, वय बहात्तर, तंजावरच्या मराठी घरातल्या.

सकवारबाईंनी जन्मात ड्रॅगन ऐकला नव्हता. पण फिल्म अमेरिकेतही दिसणार, एवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं. अमेरिकेत त्यांचा विजयेंद्र होता. सहा वर्षांत त्याला घरी यायला सवड झाली नव्हती. पोंगलला आणि दिवाळीला फोन करून ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणायची सवड मात्र तो न चुकता काढायचा. फोनवर रडायचं नाही, हा सकवारबाईंचा नियम. कॅमेऱ्यासाठी तसला नियम त्यांनी केलेला नव्हता.

“विजया, मज आता जिना चढवेना,” त्या बोलू लागल्या. “नातीचं तोंड फोटोतच पाह्यलं. एकदां येऊन जा, कण्णा. मग नाही बोलावणार.” हात आपोआप हलले. घाबरायचंही वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यांची जुनी मराठी मंदारला निम्मीअधिक कळली असती, पण त्यासाठी ऐकावं लागतं. तो मोबाइलवर दुपारच्या जेवणाचं ठरवत होता.

चार महिन्यांनी फिल्म टीव्हीवर लागली. शेजारीण वसंता हिच्यासकट सगळा मजला जमला. पडद्यावर सकवारबाईंनी तोंड उघडलं आणि कुण्या साहेबाचा घोगरा इंग्रजी आवाज त्यांच्या आवाजावर ठाण मांडून बसला. त्यांचा एक शब्द ऐकू येईल तर शपथ. साहेबाचा ड्रॅगन तळ्यातून उठून गावावर आग ओकत निघाला. “पाट्टी, सूपर,” वसंता आजींना म्हणाली. सकवारबाईंना इतकं वाईट वाटलं की पुढचं काही न बघता त्या आत जाऊन पडल्या.

रविवारी सकाळी फोन वाजला. ना पोंगल होता, ना दिवाळी.

“अम्मा, टीव्हीवर पाह्यलं तुज,” विजयेंद्र म्हणाला. “ही गोष्ट मज कधीच सांगितली नाहीस. अवनी दोन दिवस मागे लागलीय, ड्रॅगनचं पुढे काय झालं म्हणून.”

म्हणजे आईचं काहीच पोचलं नव्हतं. सहा वर्षांत आईच्याने झालं नाही, ते एका नसलेल्या जनावराने दोन दिवसांत केलं होतं. सकवारबाईंच्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“ती गोष्ट फोनवर सांगायची नसते,” त्या म्हणाल्या. “फार मोठी आहे. पोरीस घेऊन ये.”

पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग विजयेंद्र म्हणाला, “जूनमध्ये येतो. तिकिटं आजच काढतो.”

फोन ठेवून सकवारबाईंनी घाईघाईने शेजारचं दार वाजवलं.

“वसंता,” त्या म्हणाल्या, “त्या मेल्या ड्रॅगनचं काय झालं, ते मज पहिल्यापासून नीट सांग.”