चालवणार कोण

"एकच घ्यायचीय. सगळ्या कामाला चालेल अशी ठासणीची बंदूक दाखवा," पद्मजा म्हणाली. तिच्या हातोदच्या शेतात नीलगाई शिरत होत्या, रानडुकरंही.

दुकानदाराने उत्तर दिलं ते तिच्या नवऱ्याला, अभिरामला. "भिया, ही लांब नळीची घ्या. छर्रे, गोळी, नुसता आवाजाचा बार, सब चलता है. तुमच्या हाइटला एकदम जमेल."

पद्मजाने ती उचलून जमिनीवर उभी केली. नळीचं तोंड तिच्या डोक्याच्याही वर गेलं. मग तिने शेजारची आखूड घेतली. ती उभी केल्यावर बरोबर खांद्यापर्यंत आली. तिने दारू ठासायचा गज काढून नळीत तळापर्यंत सरकवून पाहिला.

"हीच द्या. दारू वरून ठासायची, तर हात तिथवर पोचायला नको?"

दुकानदार अजूनही अभिरामकडेच बघत हसला. "अच्छा, म्हणजे भरणार मॅडम आणि चालवणार तुम्ही."

"हो, हे चालवतात ना," पद्मजा म्हणाली आणि पर्समधून बंदुकीचं लायसन काढून तिने काउंटरवर ठेवलं. त्यावर फोटो तिचा होता. "बाहेर उभी आहे, ती गाडी."