झोपलेले मालक

पंप कारखान्याच्या मगदूमसाहेबांचा फोटो झकास आला, दोन्ही डोळे उघडे. असा फोटो निघालाच नाही, असं साहेबांनी जाहीर केलं आणि अख्ख्या ऑफिसनं मान डोलावली.

"सर, वेबसाइटसाठी आहे हो! डोळे का मिटताय?" पुढच्या फोटोला साहेबांनी डोळे मिटले तशी फोटोग्राफर मुलगी कावली.

भागीदार बिरनाळे फ्लॅश उडाला की डोळे मिटायचे. कामगार त्यांना 'झोपलेले मालक' म्हणून चिडवू लागले, तसे मगदूमही प्रत्येक फोटोत डोळे मिटू लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, पंपवाल्यांची पद्धतच असेल.

"बिरनाळ्या उन्हाळ्यात गेला गं," साहेब भिंतीवरच्या दोघांच्या जुन्या फोटोंकडे बघत म्हणाले. "मी डोळे उघडले, तर झोपलेला मालक तो एकटाच ठरेल की!"

तिनं मिटलेल्या डोळ्यांचा फोटो काढला. खाली छापायला साहेबांनी मजकूर दिला: 'शेजारची जागा रिक्त आहे. श्री. बिरनाळे यांनी तातडीने कामावर रुजू व्हावे, ही विनंती.'