गाडीमागे ओतलेलं पाणी

दिजला नदीकाठच्या त्या गावात कुणी प्रवासाला निघालं, की घरचं माणूस गाडीमागे तांब्याभर पाणी ओतायचं. गेलेला मग पाण्यासारखा वाहत परत येतो म्हणे. धरणाचं पाणी वेशीला टेकलं तेव्हा शेवटचा ट्रक हमझा आणि खजाल या म्हाताऱ्या जोडप्याचा निघाला. त्यांच्यामागे पाणी ओतायला गावात कुणी उरलंच नव्हतं. निघताना खजालने दाराला कुलूप लावू दिलं नाही. "बरोबर आहे," हमझा म्हणाला, "पाहुण्या पाण्याला ताटकळत का ठेवा?"

काही दिवसांनी, मागे राहिलेलं सामान अजून हाती लागतंय का ते बघायला, दोघं पुन्हा त्या वाटेने आली. नव्या रस्त्याच्या चढावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. खाली जुना डांबरी रस्ता वळण घेऊन सरळ पाण्यात उतरत होता. गाव दिसत नव्हतं.

"बघ खजाल, लोकांच्या मागे तांब्याभर पाणी ओततात," हमझा म्हणाला. "आपल्यामागे सरकारने अख्खी नदी ओतली. एवढा मान तुझ्या माहेरात कुणाला मिळाला?"

"मग काका, तुम्ही नक्की परत येणार," ड्रायव्हर हसला.

खजाल त्या बुडालेल्या वळणाकडे बघत राहिली.

"आपला मुलगा शियार घर सोडून निघाला तेव्हा त्याच्यामागे मीच पाणी ओतलं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, त्याचा पत्ता नाही. आणि अहो, घरी यायचा त्याला हा एकच रस्ता ठाऊक आहे."