येतो म्हणाला होतात

शेजाऱ्यांची तक्रार खरी होती. फणसळकर काकांच्या घरातलं 'सोबती' नावाचं यंत्र रोज संध्याकाळी लोकांना फोन लावायचं आणि आदबीने विचारायचं, "तुम्ही काकांना येतो म्हणाला होतात. कधी येताय?"

अशा यंत्रांचा माणसांवर काय परिणाम होतो, हे तपासणं मुक्ताचं काम. ती काकांसमोर बसली.

"निघताना आपण 'येतो' म्हणतो ना, ते त्याला खरंच वाटतं," काका म्हणाले. "त्याची चूक मला पहिल्याच दिवशी कळली."

"मग दुरुस्त का नाही करून घेतलीत?"

"लोक यायला लागले ना! लाजेने का होईना, वरचे देवधरसुद्धा येऊन बसायचे."

"बसायचे? आणि आता?"

काका चष्मा पुसत राहिले. "आता सगळे हुशार झालेत. निघताना सरळ 'जातो' म्हणतात. आख्खी इमारत! परवा देवधरांची नात दारातून 'जाते' म्हणाली. अंगावर काटा आला माझ्या."

मुक्ताला नवल वाटलं. यंत्राने इमारतीच्या तोंडचा एक शब्दच काढून घेतला होता. चूक सुधारली तर शब्द परत येईल, पण माणसं?

"मग, बदलणार त्याला?" काकांनी विचारलं.

"अजून ठरत नाहीये."

तिने चपला घातल्या. 'जाते' अगदी ओठांवर आलं, पण तिच्याने म्हणवेना.

"येते हं, काका."

दाराजवळच्या सोबतीने लगेच विचारलं, "कधी?"