आजची तारीख

सोमवार, २६ एप्रिल १९९९. सकाळी साडेआठला कडोदऱ्याच्या एका साडी-प्रिंटिंग मिलच्या ऑफिसात एकही कॉम्प्युटर सुरू झाला नव्हता. मी येईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही, असं अशोकनं बजावून ठेवलं होतं. मिलचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा.

चेर्नोबिल नावाचा व्हायरस आज जागा होणार, अशी सूचना आली होती. एरवी तो गपचूप पडून राहतो आणि सव्वीस एप्रिल दिसली की हार्ड डिस्क पुसून टाकतो. त्याला शोधणारी फ्लॉपी मुंबईहून कुरियरनं निघाली होती, ती उद्या पोचणार होती. तोवर एकच उपाय होता. विंडोज सुरू व्हायच्या आत यंत्राची तारीख पुढे ढकलायची. आज सत्तावीस आहे असंच त्याला सांगायचं.

अशोक एकेका खुर्चीवर बसत गेला. शेठ जयंतीभाई मागेमागे फिरत होते.

"पण मग आजच्या बिलांवर उद्याची तारीख पडणार?"

"पडेल. म्हणून आजची बिलं हातानं लिहायची."

"अशोकभाई, मारो आखो दहाडो खाई गया तमे!" अख्खा दिवस खाल्लात म्हणून शेठनी कपाळावर हात मारला.

दिवस गेला तर अशोकला हवाच होता. सकाळी निघताना अलकानं विचारलं होतं, "आज तरी लवकर याल?" त्यानं व्हायरसचं कारण पुढे केलं होतं. आदित्य जानेवारीत गेला. कावीळ झाली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. आज तो अकरा वर्षांचा झाला असता. हे घरात कुणी बोललं नव्हतं. जानेवारीपासून अशोक मुलाच्या खोलीत गेलाच नव्हता.

"सर, पण हा शिरतो तरी कुठून?" बिलिंगवर बसणाऱ्या वर्षानं विचारलं. "आपण तर बाहेरची फ्लॉपी घेतच नाही."

"गेमच्या सीडीतून. कॉपी केलेल्या, स्वस्तातल्या. लोक पोरांसाठी घेऊन जातात..."

वाक्य तिथंच अडलं.

दिवाळीत स्टेशनसमोरच्या फेरीवाल्याकडून मोटारींच्या शर्यतीची सीडी त्यानंच आदित्यला आणून दिली होती. घरच्या कॉम्प्युटरमध्ये आदित्यनं काढलेली चित्रं होती. घरी प्रिंटर नव्हता. ऑफिसात ऊठसूट बॅकअप घ्या म्हणून ओरडणाऱ्या अशोकनं त्या चित्रांची दुसरी प्रत काढलेली नव्हती. आणि अलका काम आवरलं की रोज ते यंत्र लावून बसायची. सुट्टीच्या दिवशी बंद दाराआडून विंडोजची धून यायची, त्यावरून त्याला ते ठाऊक होतं.

त्यानं घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग त्यानं उरलेली यंत्रं वर्षावर सोपवली आणि स्कूटरला किक मारली.

अडाजणच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. अलका आदित्यच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"लावलास?" तो उंबऱ्यावरूनच ओरडला.

"नाही."

"मग फोन का उचलत नाहीस?"

"आज उचलणार नव्हते. सगळ्यांना तारीख आठवते. मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते."

अशोकनं धापा टाकत व्हायरसचं सगळं सांगितलं. सीडीचंही सांगितलं. अलकानं ऐकून घेतलं.

"सकाळपासून बटणाशी हात नेतेय," ती म्हणाली. "पण आज एकटीनं बघवेना. म्हटलं, तुम्ही आलात की लावू."

तो जानेवारीनंतर पहिल्यांदा त्या खोलीत आत आला. तिच्याशेजारी स्टूल ओढून बसला. त्यानं यंत्र सुरू केलं आणि विंडोजच्या आधीच अडवलं. निळ्या पडद्यावर तारीख आली. एप्रिल, सव्वीस.

"इथं सत्तावीस केलं की धोका नाही. मग निवांत बघू."

त्याचं बोट बटणावर गेलं. अलकानं ते बोट धरलं.

"अहो, आज सत्तावीस नको."

त्यानं बोट बटणावरून उचललं.

"आज सव्वीसच असू दे. चित्रं उद्या बघू."

अशोकनं यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. दोघं त्याच्यासमोर तशीच बसून राहिली.

"तुम्ही पाहिलीत का हो ती?"

त्यानं मान हलवली. एकही नाही.

"पहिलं तुमचंच आहे. स्कूटरवर. डोकं एवढं मोठं काढलंय, की हेल्मेट बसेना. मग ते मागं बसलेल्या मला घातलंय."

अशोकला हसू आलं. हसता हसता त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला.

"दुसरं?" त्यानं विचारलं.

दुपारी तीनपर्यंत यंत्र बंदच होतं. त्यात व्हायरस होता की नव्हता, हे कळलेलं नव्हतं. अलका अजून सांगत होती.