एकोणिसावा मजला

दत्तारामने कागद वाचला आणि सही न करताच टेबलावर ठेवला. "मॅडम, जॉइनिंग डेट चुकलीय."

"चुकलेली नाही," अनुराधा म्हणाली. ती नव्या कंपनीची एचआर, मूळची पुण्याची. "जुनी कंपनी खलास झाली, दत्ताराम. आता सगळ्यांची सर्व्हिस एक जून दोन हजार दहापासून."

दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या या टॉवरवर दत्ताराम शटरिंगचा फोरमन होता. कामगारांच्या करारात दोन वर्षं भरली की दोन महिने सुट्टी, विमानाचं तिकीट कंपनीचं. मंदीने जुनी कंपनी बुडवली तेव्हा त्याचे बावीस महिने झाले होते. नव्या कंपनीने टॉवर घेतला, माणसं घेतली, कॅम्पातल्या खाटासुद्धा घेतल्या. ते बावीस महिने तेवढे घेतले नाहीत. पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

आणि यंदा राजापूरकडच्या घरी गणपतीची पाळी दत्तारामची होती. भावकीतली सात घरं, म्हणजे पाळी सात वर्षांनी एकदा. मागच्या खेपेला तो मस्कतला अडकला. चुलतभावाने मूर्ती आणली, आरत्या केल्या आणि नंतर वर्षभर ऐकवलं. यंदा गणपती आपल्याच हातांनी बसवायचा, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. जन्मात अशा पाळ्या येऊन येऊन किती येणार?

अनुराधाला हे ठाऊक होतं. तिने आवाज खाली आणला. "तुमचं मी करते. फोरमन म्हणून स्पेशल लीव्ह. सर नाही म्हणणार नाहीत. बाकीच्यांना फक्त सह्या करायला सांगा."

दत्तारामला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. मग त्याने खिडकीतून पाहिलं. बाहेर उन्हात त्याची चौतीस माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे तय्यब, त्याच्याच विमानाने आलेला, मुलीला अजून फोनवरच ओळखणारा.

"मॅडम, आज स्लॅब आहे ना? दहाला काँक्रीटचा पंप येतोय. तुमच्या रिपोर्टात मजला कितवा लिहिलाय?"

अनुराधाने फाइल उघडली. "एकोणिसावा."

"खोडा ते. पहिला लिहा."

"काहीतरीच काय!"

"का? नव्या कंपनीचा पहिलाच की. खालचे अठरा जुनीचे, ते गेले तिच्याबरोबर." दत्ताराम शांतपणे म्हणाला. "आमची वर्षं मोजताना एकपासून, आणि मजले मोजताना एकोणीस?"

अनुराधाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिने साहेबांना फोन लावला. बराच वेळ इंग्रजीत बोलणं चाललं, मधे तिचा आवाजही चढला. "नो सर, एकट्याचं नाही. सगळ्यांचं," ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने दत्तारामचा कागद पुढे ओढला, छापलेली तारीख खोडली. "सांगा, जुनी तारीख."

दत्तारामने उठून दार उघडलं. "यल्ला तय्यब, अंदर आ! पुरानी तारीख बोल मॅडम को." मग आपला कागद टेबलावरून उचलून त्याने बाकीच्यांच्या कागदांच्या गठ्ठ्याखाली सारला.

"माझी मला पाठ आहे, मॅडम. आधी या चौतीस जणांच्या लिहा."