मामांचा नकार

कुंभकोणमच्या पंपांच्या कारखान्यात सायबर सुरक्षेची तपासणी होती. ती पार पडली तरच परदेशातली ऑर्डर मिळणार होती. तंजावरी मराठी घरातल्या मालक विष्णुवर्धनला धास्ती होती ती फक्त सेतुराममामांची. मशीनचा पासवर्ड त्यांच्याकडे असे, आणि तीस वर्षांत मामांनी भाच्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

तपासणीला आलेल्या चेन्नईच्या बाईंनी नेमकं तेच हेरलं. नियम असा, की फोनवर पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, मालकालाही नाही. त्यांनी आपला फोन विष्णुवर्धनच्या हातात दिला. "मामांकडे पासवर्ड मागून बघा."

बाईंना समजावं म्हणून तो तमिळमध्ये बोलला. "मामा, मी विष्णू. पासवर्ड सांगा, घाई आहे."

"फोन ठेव, चोरा!" मामा तमिळमध्येच कडाडले आणि त्यांनीच फोन आपटला.

बाईंनी हसत हसत पैकीच्या पैकी गुण दिले. संध्याकाळी विष्णुवर्धन अशोका हलव्याचा डबा घेऊन मामांच्या घरी गेला आणि त्यांच्या पाया पडला.

"मामा, मला नाही म्हणायचा धीर तुम्हांस आला कोठून?"

मामा ओशाळले. "धीर कसला रे! आवाज तुझाच वाटला. पण हल्ली चोर आवाजही काढितात, असें कारखान्यांतल्या त्या सुरक्षेच्या शिकवणींत सांगितलें होतें. आणि तू मजसी तमिळींत कधी बोलिलास? मी समजलों, चोरच." त्यांनी हलव्याचा घास घेतला. "मराठींत विचारिलें असतेंस, तर दोन वेळां सांगितला असता."